खाणीवरचा खोकला

“आणखी काय सांगायला हवं होतं मी तिला, सिस्टर?”

डॉक्टर मोकाशींनी हे फाटकातूनच विचारलं. बूट काढायचंही भान नव्हतं. बुटांवर दगडखाणीची पांढरी धूळ तशीच होती.

आढाव सिस्टर अंगणात पावट्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. पस्तीस वर्षं ह्या भागातल्या पोरांना त्यांनी लस टोचली. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. तरी आमच्या आरोग्य केंद्रात नवा डॉक्टर आला की मोठे डॉक्टर त्याला आठवडाभर त्यांच्याकडे धाडतात. लस नको म्हणणाऱ्या घरांशी बोलायचं कसं, ते शिकायला.

नव्या डॉक्टरांना ते रुचत नाही. एवढं शिकून नर्सबाईच्या हाताखाली बसायचं म्हणजे काय! मोकाशींनाही रुचलं नव्हतं. त्या सकाळी ते सिस्टरना न विचारताच खाणीवर गेले. मी केंद्रात औषधं देतो. लसीचा डबा खांद्याला अडकवून मीच त्यांच्यासोबत होतो.

“काय काय सांगितलंत?” सिस्टरनी विचारलं.

“सगळं.”

“म्हणजे?”

डॉक्टर भडाभडा बोलू लागले. शेजारच्या खाणीवर आठ दिवसांपूर्वी घटसर्पानं एक मूल गेलं होतं. इथं रेणुका विटकरची मुलगी चौदा महिन्यांची, अंगाला एकही लस नाही. रेणुकाचा थोरला हणमंत. तो नऊ महिन्यांचा असताना त्याला गोवरची लस दिली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून तिनं सुईला दारात येऊ दिलं नाही, आणि तिच्याकडं बघून आणखी चार खोपटं अडून बसली होती.

“मी केंद्रातलं जुनं रजिस्टर शोधून काढलं,” डॉक्टर म्हणाले. “स्पष्ट लिहिलंय, न्यूमोनिया. छाती आधीपासून भरलेली असणार. लसीचा काही संबंध नाही. मी तिला तारखेनिशी दाखवलं.”

सिस्टरनी हातातली शेंग सुपात ठेवली.

“मग ती काय म्हणाली?”

“म्हणाली, मग पोरगं गेलं कशानं? मी म्हटलं, ताई, वेळेवर दवाखान्यात आणलं असतं तर वाचलं असतं. मग ती उठली, पोरीला कडेवर घेतलं आणि पत्र्याचं दार लावून घेतलं. सिस्टर, मी एक अक्षर तरी खोटं बोललो का?”

“नाही.”

“मग?”

सिस्टर हळूच म्हणाल्या, “इतकी वर्षं ती बाई म्हणत होती, सुईनं मारला. आज तुम्ही सुईला सोडवलंत. आता मागं कोण उरलं, डॉक्टर?”

मोकाशींचा चेहरा खर्रकन उतरला. माणूस वाईट नव्हता. हुशारी जरा पुढं पळायची, इतकंच.

“मी परत जातो. ‘ताई, तुमची चूक नव्हती’ असं सांगतो तिला.”

“आता ऐकेल ती?”

सिस्टर उठल्या, पदरावरची सालं झटकली आणि मला म्हणाल्या, “डबा घे. बर्फ आहे ना अजून?”

वाटेत त्या डॉक्टरांना एवढंच म्हणाल्या, “तिथं तुम्ही बोलायचं नाही.”

*

खडी फोडणारा क्रशर चालू होता. खाणीवर सगळं पांढरं. पांढरी झाडं, पांढरी भांडी, बायकांच्या पापण्यासुद्धा पांढऱ्या. रेणुकाचं दार बंदच होतं.

सिस्टरनी दार वाजवलं नाही. समोर एक दगड होता, त्यावर बसल्या. आम्ही दोघं उन्हात उभे. अर्धा तास गेला असेल. डॉक्टर सारखे घड्याळ बघत होते.

शेवटी पाण्याचा हंडा घेऊन रेणुका बाहेर आली. पोरगी कडेवर. आम्हाला बघून जागीच थांबली.

“बाई, तुमी कशापायी आला?”

“हणमंताबद्दल बोलायचंय.”

“समदं बोलून झालंय. ह्या सायबानं सांगितलं की. म्याच मारला म्हून.”

डॉक्टर काहीतरी बोलायला गेले. सिस्टरनी त्यांच्याकडं पाहिलंही नाही, नुसता हात वर केला.

“त्या दिवशी सुई मी दिली होती,” त्या म्हणाल्या.

“ठावं हाय मला.”

“साठ पोरं होती रांगेत. हणमंताच्या अंगात निळा सदरा होता, लांब बाह्यांचा. मी बाही वर केली. सदरा वर केला नाही.”

रेणुकानं हंडा खाली ठेवला.

“छाती बघायची असते, रेणुका. श्वास मोजायचा असतो. एक मिनिट लागतं. तो खोकत होता. मी ऐकलं. मला वाटलं, खाणीवर सगळीच पोरं खोकतात.”

“सिस्टर,” डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले, “असं कबूल करू नका. उद्या कुणी तक्रार केली तर…”

“करू दे.”

मग परत रेणुकाकडं वळून म्हणाल्या, “सुईनं नाही गेला तो. डॉक्टर खरं सांगतात. पण सुई हातात घेऊन मी त्याच्या इतक्या जवळ होते, आणि त्याला बघितलं नाही. ही माझी चूक. तुझ्या दारात येऊन कधीच सांगायला हवी होती.”

शेजारच्या खोपटात कुणाचं तरी मूल खोकलं. आम्हा चौघांनाही ते ऐकू आलं.

रेणुका होती तिथंच धुळीत बसली.

“म्याबी ऐकला व्हता,” ती म्हणाली. “रातभर खोकत व्हता. मलाबी तेच वाटलं, समदीच खोकत्यात. दुसऱ्या दिशी पाटी उचलाय गेले. त्याला झोळीत टाकून गेले.”

सिस्टर आता ‘तुझी चूक नाही गं’ म्हणतील, असं मला वाटलं. मी वाट बघत होतो. त्या दगडावरून उतरल्या आणि तिच्या शेजारी धुळीत जाऊन बसल्या. दोन बायका, आणि एका पोराचा खोकला दोघींनी ऐकलेला. माझ्याच्यानं तिकडं बघवेना.

बऱ्याच वेळानं रेणुकानं पोरगी पुढं केली.

“आदी हिची छाती बघा.”

सिस्टरनी पोरीला घेतलं नाही. डॉक्टरांकडं बोट केलं.

डॉक्टर मोकाशी गुडघे टेकून खाली बसले. पोरीचं झबलं वर केलं, घड्याळ लावलं आणि तिच्या छातीकडं बघत राहिले. पुरं एक मिनिट. इतका वेळ गप्प बसलेलं मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

“चांगली आहे, ताई,” ते म्हणाले. पुढं एक शब्द बोलले नाहीत.

“सुई दिल्यावर ताप ईल?” रेणुकानं सिस्टरना विचारलं.

“येईल. मांडीला गाठ येईल. दोन दिवस किरकिर करेल.”

“तिसऱ्या दिशी गेला त्यो.”

“तिसऱ्या दिवशी मी इथं असेन. सकाळपासून.”

रेणुकानं मान फिरवली आणि पोरीची मांडी पुढं केली. सुई सिस्टरनीच दिली. एवढ्यानं भागत नाही, महिन्यानं दुसरी घ्यावी लागेल, त्यानंतर आणखी, हेही तिथंच सांगून टाकलं. रेणुकानं पोरीला पदराखाली घेतलं.

*

पहिल्या दिवशी पोरीला ताप आला. दुसऱ्या दिवशी उतरला.

तिसऱ्या दिवशी सिस्टर उजाडताच खोपटात जाऊन बसल्या. रेणुका कामावर गेली नाही. थोड्या वेळानं डॉक्टर आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. कोपऱ्यात मांडी घालून बसले, मधूनमधून पोरीचा श्वास मोजू लागले. मी औषधांची पिशवी घेऊन गेलो आणि मलाही तिथून निघवेना.

हणमंत दुपारी गेला होता, सावली दारापर्यंत आली तेव्हा. ह्या वेळी रेणुकानं सावलीकडं बघत ती दारापर्यंत येऊ दिली. पुढं सरकू दिली. पोरगी भाकरीचा तुकडा चोखत बसली होती, सगळ्या तोंडाला पीठ.

मग रेणुका रडू लागली. आधी हळू, मग मोठ्यानं, हणमंताचं नाव घेऊन. शेजारची म्हातारी दारात आली आणि आम्हाला म्हणाली, “येवढ्या वर्सांत ही त्या लेकरासाठी रडली न्हवती वो. निस्ती भांडायची समद्यांशी.”

आम्ही उठलो तेव्हा त्या चार खोपटांपैकी दोन खोपटांनी पोरं पुढं आणली. दोन खोपटांनी नाही आणली. डॉक्टरांनी त्यांना काही ऐकवलं नाही. उद्या येतो, म्हणाले.

परतताना उन्हं कलली होती. डॉक्टर खाली मान घालून चालत होते.

“सिस्टर, एक बोलू? दोष तुमचाही नव्हता. साठ पोरं आणि तुम्ही एकट्या. कुणाच्याही हातून…”

सिस्टर चालत राहिल्या.

“बरं, मग एवढं मनात होतं तर आधीच का नाही गेलात तिच्याकडं? ती पोरगी चौदा महिने लसीशिवाय राहिली. तिला काही झालं असतं तर?”

सिस्टर थांबल्या. चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. धूळ काही निघाली नव्हती.

“चौकशी झाली होती तेव्हा. लसीचा दोष नाही, नर्सचा दोष नाही, असं लिहून आलं. तोच कागद धरून बसले. सहा वर्षं मी बरोबर होते, डॉक्टर.”