जासुदाचे गार मडके

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक पळणारे मंडळ होते. मंडळ रोज पहाटे पळे. म्हणजे थोडेसे पळे आणि मग काढा पीत आपापल्या गुडघ्यांविषयी बराच वेळ बोले.

दर पौषात आसपासच्या गावांची शर्यत लागे. पायथ्याच्या धुनीतला निखारा मडक्यात घ्यायचा आणि माथ्यावर नेऊन आपल्या गावाची शेकोटी पेटवायची. मडके लहान, निखारा इवलासा. म्हणून वाटेत मंडळाचा एकेक जण कमरेला गोवरीचा तुकडा बांधून उभा राही. मडके हाती आले की त्यात आपली गोवरी टाकायची, फुंकर मारायची आणि पुढे पळायचे. ज्यांची शेकोटी आधी पेटे, ते बसून हुरडा खात. हरलेले धुरात डोळे चोळत तो भाजून देत.

या गावाने आजवर फक्त भाजला होता. त्याचे सगळ्यात जास्त दुःख मंडळातल्या आचाऱ्याला. बिचाऱ्याचा जन्म दुसऱ्यांच्या पंगती वाढण्यात गेला होता. तो म्हणे, “एकदा तरी मी बसलोय आणि मला कुणीतरी गरमागरम हुरडा देतंय, एवढं बघू दे रे देवा!”

त्या वर्षी राजाच्या नोकरीतून सुटलेला एक जासूद गावात राहायला आला. पत्रांची थैली घेऊन तो वाऱ्यासारखा पळे, आणि थैली दुसऱ्याच्या हाती कधीही द्यायची नाही ही त्याची शिस्त. मंडळाला आभाळ ठेंगणे झाले. मंडळातल्या पंतोजींनी त्याला सगळे नियम समजावले. जासूद वहाणा बांधत “हं, हं” म्हणत राहिला.

शर्यत सुटली. जासूद निखारा घेऊन असा निघाला की बाकीची गावे दिसेनाशी झाली. पहिल्या वळणावर शिंपीणकाकू पदर खोचून, हात पुढे करून उभ्या होत्या.

“द्या इकडे!”

“काकू, तुम्ही कशाला दमता? मीच नेतो!”

“अहो, पण गोवरी?”

“गोवऱ्या थापायला वेळ नाही!” म्हणत जासूद पुढे पसार.

दुसऱ्या वळणावर पंतोजी म्हणाले, “थांबा, नियम असा आहे की...”

“नियम शाळेत!”

शेवटच्या वळणावर आचारी गाल फुगवून, फुंकर तयार ठेवूनच उभा होता. जासूद बाजूने निघून गेला. ती फुंकर आचाऱ्याला तशीच गिळावी लागली.

माथ्यावर जासूद सगळ्यांच्या कितीतरी आधी पोचला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने ऐटीत मडके लाकडांवर उपडे केले. आतून मूठभर राख पडली. त्याने जीव खाऊन फुंकले, तर ती राखही उडून त्याच्याच मिशांवर बसली.

बऱ्याच वेळाने शेजारच्या गावची एक आजी कमरेवर हात ठेवून डुलत डुलत आली. तिच्या मडक्यात निखारे लालबुंद होते. तिने शेकोटी पेटवली.

“आजी, तुम्ही मला हरवलंत कसं?” जासुदाने विचारले.

“मी कुठली हरवतेय बाबा? सुनेनं आणलं, जावयानं आणलं, मी आपलं शेवटी आणून ठेवलं.”

एवढ्यात आपले मंडळ धापा टाकत वर आले. आचाऱ्याने मुकाट्याने बाह्या सारल्या आणि तो भाजायच्या खड्ड्याकडे निघाला. ते पाहून जासुदाला फार लाज वाटली. त्याने धावत जाऊन आचाऱ्याच्या हातातली कणसे घेतली.

“आचारीबुवा, आज तुम्ही बसा. भाजतो मी.”

पण याही वेळी जाळ विझायला लागला. जासूद क्षणभर घुटमळला. मग मान वळवून म्हणाला, “काकू, पंतोजी, तुमच्या गोवऱ्या आहेत का हो अजून?”

दोघांनी कमरेच्या गोवऱ्या सोडल्या. आचाऱ्याने बसल्या जागेवरून राखून ठेवलेली फुंकर मारली आणि जाळ भडकला. विजेत्यांना वाढून झाल्यावर जासुदाने एक मूठ आचाऱ्याच्या तळहातावर ठेवली.

“कसा झालाय?”

हुरडा चांगलाच करपला होता.

“गरम आहे,” आचारी म्हणाला, आणि डोळे पुसत त्याने दुसऱ्या मुठीसाठी हात पुढे केला.

तात्पर्य: दुसऱ्याची गोवरी नाकारून जो पुढे पळतो, तो पोचतो आधी, पण राख घेऊन.