पहिल्या नंबरची जागा

मोठ्या माणसांना नियम आठवतात ते फक्त दुसऱ्यांसाठी. निवड समितीचे प्रमुख एअर कमोडोर राजाध्यक्ष त्यातलेच. वैमानिकांचं प्रशिक्षण संपलं, की कोणाला फायटर आणि कोणाला हेलिकॉप्टर, हे गुणांच्या यादीवरून ठरतं. त्या वर्षी फायटरच्या जागा होत्या तीन, आणि राजाध्यक्षांचा सख्खा भाचा आला होता चौथा. म्हणजे वरच्या तिघांतल्या एकाला हलवणं आलंच.

त्यांनी थेट पहिलीलाच बोलावलं. तेजल बिडकर, फायटरसाठी सगळ्या घराशी भांडून आलेली.

"बिडकर, तू हेलिकॉप्टर घे," मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले. "अगं, फायटरला काय, नुसती रग लागते. डोकं लागतं ते हेलिकॉप्टरला. पहिला नंबर तिकडेच शोभतो."

निवड समितीतले बाकीचे दोघे टेबलाकडे बघत बसले. छातीवर एवढी पदकं, पण तोंडातून चकार शब्द नाही.

"बरोबर आहे, सर," तेजल म्हणाली. "फक्त एक विचारू? आपण तर आयुष्यभर फायटरच उडवलंत. आपल्या तुकडीत आपला कितवा नंबर होता?"

राजाध्यक्षांचा हात मिशीवरच थांबला. शेवटचा म्हणावं तर अब्रू जाते, पहिला म्हणावं तर भाचा जातो.

आता मात्र शेजारच्याला कंठ फुटला. "सांगा ना सर, आम्हालाही ऐकायचंय."

"पहिला," राजाध्यक्ष पुटपुटले.

"माझाही, सर," म्हणत तेजलनं यादी त्यांच्यासमोर सरकवली आणि सहीसाठी पेन पुढे केलं.