कच्च्या शाईची ढोलकी

साऱ्या ढोलक्यांना आवाज मी देतो. मी म्हणजे चामड्यावरची काळी शाई घोटायचा दगड. माझा स्वतःचा आवाज, कुणाच्या पायावर पडलो की त्याच्या तोंडून निघतो तेवढाच.

वाद्यं आपसांत बोलायची त्या काळी एक नवी ढोलकी माझ्याकडं होती. शाईचा थर लावायचा, घोटायचा, वाळू द्यायचा, मग पुढचा. तिला कुठला दम? तेवढ्यात दारात तमाशाचा फड आला.

“आजोबा,” ढोलकी मला म्हणाली, “आज नाही गेले तर दुसरीला नेतील.”

“जा. अर्ध्या शाईवर लोकांना हसवणारा नाच्यासुद्धा रडेल.”

ती गेली. भर खेळात शाईचा पापुद्रा उडाला. परतल्यावर मी विचारलं, “काय उस्ताद, फड जिंकलात?”

“कुठला थर कच्चा ते तिथं कळलं. तेवढा नीट घोटा, मला परत जायचंय. पण आजोबा, रोज घोटून तुम्हाला तो कळला नव्हता का?”