हौदाची चढण

रानात पंचायत भरायची तेव्हाची गोष्ट. नदी आटली, म्हणून सगळ्या जनावरांनी मिळून हौद बांधला. कासविणीनेही पाठीवरून माती वाहिली. हौदाची उंची मात्र सरपंच हत्तिणीने ठरवली, स्वतःची सोंड फार वाकवावी लागू नये एवढी.

"हौद सर्वांना खुला आहे!" तिने जाहीर केलं.

कासविणीने भिंतीपाशी मान ताणून पाहिली. पाणी नजरेसही पडेना.

"एवढंच ना?" हत्तीण म्हणाली. "मी रोज सोंडेने तुझ्यापुढे पाणी ओतीन."

"आज ओताल बाई, उद्या रुसलात तर? मला ओतलेलं पाणी नको, पाण्यापर्यंत चढण हवी. या भिंतीत माझीही माती आहे."

"तुझ्या एकटीसाठी चढण? मग उद्या सगळेच वापरतील!"

"वापरू देत की," म्हणत कासवीण वळली. पाठीवर मातीचं ढेकूळ आणून तिने भिंतीपाशी टाकलं आणि दुसरं आणायला निघाली. ते पाहून ससा आला, साळिंदर आलं, मुंगूसही आलं.

चढण तयार झाली. कासवीण पहिलं पाऊल टाकणार, तोच तिला ओलांडून एक तहानलेलं पोर धावत वर गेलं आणि हौदाला तोंड लावून घटाघटा पाणी प्यायलं.

ते हत्तिणीचंच पिल्लू होतं.