सासूचा रांजण

बोरवंडच्या खाली नदीच्या पात्रात उतरलात की काळ्या खडकाला पडलेले रांजणखळगे दिसतील. नऊ आहेत. मोजायला जाऊ नका, लोक जातात आणि कपडे भिजवून परत येतात. पाण्याने गोटे फिरवून फिरवून खडक कोरला, असं शाळेचे मास्तर सांगतात. ते खरंच असणार, मास्तर कशाला खोटं बोलतील. पण आठ खळग्यांपुरतं खरं. पलीकडच्या कडेला, उंबराच्या मुळीखाली जो नववा आहे, त्याला सासूचा रांजण म्हणतात. त्याच्यात भर उन्हाळ्यातही पाणी असतं आणि त्या पाण्यातून बुडबुडे येतात. एक येतो, फुटतो, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. चुलीच्या उबेला ठेवलेलं दारूचं मडकं बोलतं ना, तसं.

इथे आलेल्या पाहुण्याला द्रोणभर दारू देतात, आणि त्याच्याही आधी एक गोष्ट बजावतात. आवडली तर आवडली म्हणायचं नाही. वा, छान, फक्कड, यातलं काही तोंडातून निघता कामा नये, निदान नदीच्या हाकेवर असेपर्यंत तरी नाही. का ते आधी ऐका, मग प्या.

ही दारू भट्टीची नव्हे, नळीतून थेंब थेंब गाळलेलीही नव्हे. नागलीची, म्हणजे तुमच्या नाचणीची, नुसती आंबवलेली. तुमच्या शहरात बिअर मिळते तिची थोरली बहीण समजा, रंगाने काळी आणि स्वभावाने गरीब. नागली भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून जात्यावर भरडायची. पेज शिजवून कोमट झाली की त्यात ती भरड घालायची, जुन्या मडक्याचा गाळ विरजण म्हणून टाकायचा आणि तोंड बांधायचं. पाचव्या दिवशी मडकं बोलायला लागतं. रीत सगळ्या घरांची एकच, पण दोन घरांची दारू कधी सारखी लागत नाही. म्हणून पूर्वी आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी सगळं गाव आपापलं मडकं घेऊन या खडकावर बसायचं, एकमेकांची चाखायचं आणि भांडायचं. हिची पातळ, त्याची धुरकट, तिने विरजण जास्त घातलं, याने पेज करपवली. कोण कोणाचं ऐकतंय. संध्याकाळी एकमेकांना धरून सगळे घरी.

त्या भांडणात ठमाबाईचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा म्हणे. तरुणपणी तिच्यासारखी दारू पंचक्रोशीत कोणाची नव्हती. पुढे वय झालं, तिचं विरजण कुठेतरी बिघडलं आणि तिच्या मडक्यातून दरवर्षी नुसता शिरका निघायला लागला. हे सगळ्या गावाला ठाऊक, फक्त तिला मान्य नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. माझीच चांगली, म्हणायची, आणि एकटीच प्यायची.

तिची सून पवळी. लग्नात माहेरच्या विरजणाचं गाडगं मांडीवर धरून आली, ते वरातीतही कोणाच्या हातात दिलं नाही. हिच्या हाताला चव होती. पण सासूने आठ वर्षांत एकदा बरी म्हटलं असेल तर शपथ. एका वर्षी पातळ, एका वर्षी गोडूस, एका वर्षी म्हणे हिला माहेरचा वास येतो. पवळीला लुगडं नको होतं, सोन्याचा डाग नको होता. सासूच्या तोंडून एकदा, बरी झालीय गं, एवढं ऐकायचं होतं. ते काही मिळत नव्हतं.

मग ते दुष्काळाचं साल आलं. दोन पावसाळे कोरडे गेले, नदी आटली, झरे आटले, गुरं उभ्या उभ्या पडायला लागली. गावचा कारभारी कमळू या खडकावर उभा राहिला आणि त्याने नवस बोलला. पाणी दे, म्हणाला, आमच्यातली सगळ्यांत चांगली दारू तुला देऊ. नवस बोलताना माणसाने तोंड सांभाळावं, आणि आपण कोणाशी बोलतोय तेही बघावं. हे बोलणं देवाने ऐकलं नाही, असं सांगतात. नवव्या खळग्यात जे काही राहत होतं, त्याने ऐकलं. त्याला नाव नाही. गावाने ठेवलेलं नाही, तुम्हीही ठेवू नका.

त्या आखाजीला सगळ्यांनी चाखली आणि एका तोंडाने सांगितलं, लहानूची चांगली. लहानूला कोण आनंद झाला. त्याची दारू खळग्यात ओतली. खळगा तेव्हा जेमतेम कमरेइतका होता, पोरं आत उतरून खेकडे धरायची. दारू आत गेली आणि आतून घोट घेतल्याचा आवाज आला. मग हाक आली, लहानू. ओरडून नाही, घरचं माणूस जेवायला बोलावतं तशी. लहानू उठला, रिकामं मडकं काखेत घेतलं आणि पायरी उतरावी तसा खळग्यात उतरला. हसत होता म्हणे. कमरेइतक्या खळग्यात तो डोक्यासकट गेला. लोकांनी दहा हात बांबू आत सोडला, तळ लागला नाही. पिणाऱ्याला एका मडक्याने काय होतं, त्याला करणाराच हवा होता. आणि घटकाभरात पात्रात पाणी आलं.

लहानूची बायको खडकावर पडून रडत होती आणि तिच्या शेजारी वाकून लोक हंडे भरत होते. त्याची लाज गावाला अजून आहे.

दुसऱ्या वर्षी आखाजी जवळ आली तसं नदीचं पाणी रोज वीतभर उतरायला लागलं. सगळ्यांनी ठरवलं, या वर्षी खडकावर जायचंच नाही. आखाजी होऊन दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी भर दुपारी पात्रातून आवाज आला. एकच शब्द, कोणाची? घराघरात ऐकू आला, दारं लावून घेतली तरी ऐकू आला. पाळण्यातली पोरं गप्प झाली. संध्याकाळपर्यंत विहिरीचा तळ दिसायला लागला, तेव्हा मडकी निघाली. सगळ्यांनी घाईघाईने एकेक घोट चाखला. कोणीतरी पुटपुटलं, भिवराची. बाकीच्यांनी चटकन माना डोलावल्या, आपलं नाव आलं नाही म्हणून. कमळूने मडकं उचलून ओतलं. भिवराला दोन लहान मुलं होती. हाक आली तेव्हा ती तिचा पदर धरून होती. पदराचा तुकडा तेवढा त्यांच्या मुठीत राहिला.

तिसऱ्या वर्षी पवळीने मडक्याचं फडकं सोडलं. वासानेच तिला कळलं. अशी दारू तिच्या हातून आजवर झाली नव्हती. जन्मभर जे जमावं म्हणून जीव टाकला, ते नको त्या वर्षी जमलं. वास गल्लीभर गेला. दुसऱ्या दिवसापासून गाव तिच्याशी गोड वागायला लागलं. कधी तोंड न बघणारी जाऊ ताक घेऊन आली. कमळूची बायको दारात बसली, पवळीच्या तान्ह्या मुलीला मांडीवर घेतलं आणि म्हणाली, पोरीची काळजी करू नको हो, आम्ही आहोत. पवळी समजून चुकली. गावाचं आधीच ठरलं होतं.

ती घरात गेली, चुलीतली राख मुठीत घेतली आणि मडक्यावर हात नेला. ठमाबाईने मागून येऊन तिचं मनगट धरलं.

"राख घालशील तर चाखणाऱ्याच्या तोंडून राख म्हणून निघेल," ती म्हणाली. "ते ऐकेल. मग काय करील कोणाला माहीत?"

"मग मी काय करू, आत्याबाई? उद्या सगळे माझंच नाव घेतील. पोर अजून अंगावर पितेय माझी."

ठमाबाई खाली बसली. गेलं वर्षभर जे कोणाला सांगितलं नव्हतं ते तिने सांगितलं. भिवराच्या नावाने खळग्यात जी ओतली ती भिवराची नव्हतीच. मडकी सगळी सारखी, कमळू घाबरलेला, त्याने शेजारचं उचललं. ते ठमाबाईचं होतं. ओतताना वास आला तेव्हाच तिने ओळखलं, आणि भीतीने तिची वाचा बसली.

"माझी कशी होते ते मला कळत नाही असं वाटतं तुला?" ती म्हणाली. "नासकी होते. जनावराला दिली तर लाथ मारील. ती पिऊन त्याने भिवराला हाक मारली. त्याला तोंड आहे, पवळे, जीभ नाही. डोळे नाहीत. नुसते कान आहेत. आपण जिचं नाव घेऊ ती त्याची."

"मग कोणाचंच नाव नको घ्यायला."

"आणि पाणी?" ठमाबाई म्हणाली, आणि उठून आपल्या मडक्याचं विरजण गाडग्यात काढायला लागली. पवळीला त्या वेळी काही समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे खडकावर बसले. ऊन असं की खडकावर पाय ठेववत नव्हता, तरी माणसं थंडी वाजल्यासारखी अंग आवळून बसली होती. पवळीने मुलीला छातीशी घट्ट धरलं होतं. समोरच्या माणसांत एकही तिच्याकडे बघत नव्हता. नवव्या खळग्यातून आवाज आला, कोणाची? कमळूने ओठांवरून जीभ फिरवली.

पण पहिला मान वयाचा. ठमाबाई उठली आणि तिने पवळीच्या मडक्यातून द्रोण भरला. तोंडाला लावला. मग मोठ्याने थू थू केलं.

"आंबट," ती म्हणाली, तेही खळग्याकडे तोंड करून. "आंबट, पातळ आणि करपट. दहा वर्षं शिकवते हिला, दगडावर पाणी. कुत्रं पिणार नाही असली दारू."

हे बोलताना तिने हातातला द्रोण पवळीसमोर खडकावर उलटा केला. एक थेंब पडला नाही. थुंकीही पडली नव्हती. तिने शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकली होती. पवळीने उलट्या द्रोणाकडे बघितलं आणि मग सासूकडे बघितलं, आणि तिला सगळंच कळलं. तोंड उघडलं, पण ठमाबाईने डोळ्यांनी दटावलं.

"सगळ्यांत चांगली माझी," ठमाबाई म्हणाली. "ठमाबाईची. कोणाला शंका आहे?"

मागे कोणीतरी सवयीने हसलं आणि अर्ध्यातच थांबलं. कमळू मान खाली घालून म्हणाला, ठमाबाईची. मग एकेक करून सगळे म्हणाले. शेवटी पवळीची पाळी आली. सगळं गाव थांबलं होतं, खळगाही थांबला होता. मुलीच्या डोक्यावर ओठ टेकवून पवळी म्हणाली, आत्याबाईंची. जन्मभर हे तिच्या मनात सलत राहिलं.

हाक आली, ठमा. तिला त्या नावाने हाक मारणारं गावात कोणी उरलं नव्हतं. आधीचे दोघं हसत गेले होते, ठमाबाई हसली नाही. तिने नासक्या विरजणाचं गाडगं कमरेवर घेतलं आणि खळग्याच्या काठाशी जाऊन उभी राहिली.

"येते," ती म्हणाली. "पण माझी रीत ऐकून घे. मी घाईची दारू करत नाही. माझं मडकं झालं की मी सांगीन, आणि मी सांगेपर्यंत दुसऱ्या कोणाला हाक मारायची नाही. कबूल?"

आतून एक घोट गिळल्याचा आवाज आला. ठमाबाईने पदर खोचला आणि उतरली.

पाणी आलं, आणि त्यानंतर कधी गेलं नाही. दुसऱ्या दिवशी पवळी एकटी खळग्यापाशी गेली तेव्हा पहिला बुडबुडा आला. त्या गाडग्यात नासकं विरजण आहे आणि त्याची दारू या जन्मात व्हायची नाही, हे जगात दोघींनाच माहीत होतं. एक काठावर होती आणि एक आत. आत बसलेल्याला जीभ नाही, त्यामुळे त्याला अजून कळलेलं नाही.

आजही आखाजीच्या दुसऱ्या दिवशी मडकी या खडकावर येतात. लोक एकमेकांची चाखतात आणि तोंडाने नावं ठेवतात. आंबट आहे, पातळ आहे, अजून झाली नाही. आवडलेली असली तर द्रोण गुपचूप उलटा करून समोर ठेवतात. त्याला डोळे नाहीत, पण करणारीला दिसतं. मग गावातली सगळ्यांत धाकटी सून नवव्या खळग्याच्या काठाशी बसते आणि पवळी विचारायची तसंच विचारते, आत्याबाई, झाली का? सगळे श्वास धरून बसतात. बुडबुडा आला की अजून नाही झाली, असं समजायचं आणि घरी जायचं.

दरवर्षी विचारल्या विचारल्या येतो. यंदा विचारलं तेव्हा उंबराची सावली एका खळग्यावरून दुसऱ्यावर सरकली, तोवर आला नव्हता. मग आला. धाकटी सून तेव्हापासून नदीवर एकटी जात नाही.

आता घ्या तो द्रोण. आणि कशी आहे ते सांगू नका.