सावली अडवणाऱ्याचा नियम

माजी सभापती तात्यासाहेब खराडे यांनी घरावर तिसरा मजला चढवला आणि गच्चीवर सोलर बसवलं. पण दुपार कलली की शेजारच्या अनसूयाबाईंच्या जांभळीची सावली पॅनेलवर पडे. एका सकाळी ते पंचांना आणि करवतवाल्याला घेऊनच अनसूयाबाईंच्या अंगणात आले.

"तुझ्या झाडानं माझी वीज अडवलीय. आज ते पडणारच!"

करवतीचं यंत्र घरघरलं. जांभूळ नवऱ्याच्या हातची होती. अनसूयाबाई खोडापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"पाडा. आधी पंचांसमोर नियम तेवढा सांगा. शेजाऱ्याचं ऊन जे अडवेल, ते उतरवायचं. असंच ना?"

"असंच! झाड असो, नाहीतर आणखी काही!"

"मग ही अंगणभर सावली बघा. तुमच्या तिसऱ्या मजल्याची आहे. माझ्या कुरडया दुपारपर्यंत ओल्याच राहतात. जांभूळ जुनी, मजला नवा. नव्यापासून सुरुवात करा."

पंचांनी माना वर करून मजला पाहिला. तात्यासाहेबांनी हातानंच करवत थांबवली.

संध्याकाळपर्यंत पॅनेलं गच्चीच्या पूर्वेच्या कडेला, जांभळीच्या सावलीपलीकडे सरकली. झाडाची एक फांदीही तुटली नाही.