हिरवी बोटं

एका संस्थानात विसाजीपंत नावाचे दुभाषी होते. इंग्रजीतलं आपलं काही अडत नाही, असा त्यांचा तोरा होता. एखादी गोष्ट कळली नाही, म्हणून कुणाला विचारायचं म्हणजे त्यांना नाक कापून घेतल्यासारखं वाटे. मग जे कळत नसे, तेही ते बेधडक ठोकून देत.

एकदा विलायतेची एक मडम राजेसाहेबांची बाग पाहायला आली. लखू माळ्याने फुलवलेले ताटवे पाहून ती हरखून गेली आणि राजांकडे वळून काहीतरी बोलली.

"काय म्हणतात बाईसाहेब?" राजांनी विचारलं.

पंतांनी शब्दाला शब्द जोडून दिला. "म्हणतात, आपल्या माळ्याची बोटं हिरवी आहेत."

राजांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आठवडाभर बागेतल्या हिरव्या सालीच्या अंजिरांवर कोणीतरी हात मारत होतं. त्यात राजे पडले तापट.

"बोटं हिरवी? म्हणजे पाहुणीनेसुद्धा चोरी ओळखली! हा तर रंगेहाथ सापडला. ज्या हातांनी याने माझ्या आंब्यांची कलमं बांधली, तेच हात कलम करा!"

शिपायांनी लखूला धरलं. मडम गोंधळून एकेकाकडे पाहू लागली.

हिरव्या बोटांचा अर्थ पंतांना तरी कुठे ठाऊक होता? विचारावं, तर चारचौघांत अब्रू जाणार, कदाचित नोकरीही. गप्प बसावं, तर लखूचे हात जाणार. त्या हातांच्या नखांत अजून ओली माती होती. पंतांना स्वतःचीच लाज वाटली.

"थांबा, सरकार!" ते ओरडले. "मी नुसते शब्द सांगितले. अर्थ मलाच कळलेला नाही. आधी विचारतो."

त्यांनी विचारलं. मडमने नीट समजावून सांगितलं, तसा पंतांचा चेहरा उजळला.

"सरकार, ज्याने लावलेलं रोप हमखास जगतं, त्याची बोटं हिरवी, असं त्यांच्याकडे म्हणतात. आपण हाताला गुण आहे म्हणतो ना, अगदी तसं. ही तक्रार नव्हे, शाबासकी आहे!"

राजे ओशाळले. त्यांनी शिपायांना मागे सारलं आणि लखूचे मातीचे हात स्वतःच्या हातांत घेतले. मग पंतांना म्हणाले, "आज तुम्ही खरे दुभाषी झालात."

थोड्या वेळाने त्यांना आठवलं. "पण मग माझे अंजीर खातं तरी कोण?"

"वाघळं, सरकार," लखू म्हणाला. "पर मला कुणी इचारलंच न्हाई."

तात्पर्य: न कळलेलं विचारण्यात कमीपणा नाही. आपलं अज्ञान झाकायला गप्प बसलं, की त्याची शिक्षा निरपराध माणसाला भोगावी लागते.